डब्यावरचं नाव

बेबीताई साळवे यांचं नाव खरोखरच बेबी आहे. लाडाचं नाव नव्हे, टोपणनाव नव्हे. पासपोर्टवर, ड्रायव्हिंग लायसन्सवर, नर्सच्या बिल्ल्यावर, सगळीकडे बेबी. महाराष्ट्रात याचं कुणाला काही वाटत नाही. दर गल्लीत एक तरी बेबीताई असते आणि गुडघे बदलायची वेळ आली तरी ती बेबीताईच राहते. पण न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमध्ये, हॉस्पिटलच्या एका वॉर्डात, ऐंशी वर्षांचे आजोबा बिल्ला वाचून 'मॉर्निंग, बेबी' म्हणाले आणि शेजारी त्यांची बायको बसलेली असली, की बेबीताईंना खुलासा करावा लागे. चोवीस वर्षांत त्यांनी हा खुलासा इतक्यांदा केला होता, की आता त्या तो ब्लड प्रेशर घेता घेताच करत.

नावाची हकिगत साधीच आहे. त्यांच्या आई जुन्नरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करत. बाळंतपण दवाखान्यात झालं, तेव्हा तिथल्या बाईंनी इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दिली: 'बेबी ऑफ शेवंता'. आईने ती जपून ठेवली. पुढे शाळेत नाव घालायला गेल्यावर गुरुजींनी विचारलं, "मुलीचं नाव काय?" घरात तिला ठकी म्हणत, ते सांगायची आईला लाज वाटली. तिने कनवटीची चिठ्ठी काढून पुढे केली. गुरुजींनी वाचलं आणि रजिस्टरात 'बेबी' असं लिहून टाकलं. 'ऑफ शेवंता' गाळलं, कारण पुढचा रकाना बापाच्या नावाचा होता.

या बेबीला इतिहास शिकायचा होता. पण नर्सिंगला गेलं की राहण्याजेवण्याची सोय होते, हे आईला ठाऊक होतं आणि मुलीलाही ठाऊक होतं, त्यामुळे घरात त्यावर चर्चाच झाली नाही. नर्सिंग झालं, लग्न झालं, नवऱ्याबरोबर देश बदलणंही झालं. नवरा भानुदास साळवे, चेंबूरचे, व्यवसायाने फार्मासिस्ट, स्वभावाने टिंगलखोर. सत्तेचाळिसाव्या वर्षी बेबीताईंनी एके दिवशी जेवताना सांगितलं, की त्यांनी वेलिंग्टनच्या विद्यापीठात बीएला नाव घातलंय. भानुदासांनी आमटीचा भुरका मधेच थांबवला. "अगं, रिटायरमेंटला लोक बागकाम करतात," ते म्हणाले. बेबीताईंनी त्यांच्या वाटीत आणखी आमटी वाढली, म्हणजे विषय संपला.

इतिहासात ग्रीसच का, असं बुद्धविहारातल्या बायका विचारत. खरं उत्तर असं होतं, की मंगळवारी दुपारी दोनला, म्हणजे ड्यूटी नसताना, तेवढा एकच वर्ग होता. आणखीही एक उत्तर होतं, पण ते बेबीताईंनी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते त्यांनाही पुरतं माहीत होतं असं नाही. एका वेळी एक विषय, अशी अकरा वर्षं गेली. लोअर हटच्या गाडीत बसून त्यांनी देव, युद्धं आणि मडक्यांचे प्रकार पाठ केले. वर्गातली मुलं बदलत राहिली, बेबीताई तिथेच राहिल्या. शेवटी एकच विषय उरला आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

तो विषय होता प्राचीन अवशेषांचा. पाठ करून लिहिण्यात बेबीताईंचा हात धरणारा कुणी नव्हता, पण इथे स्वतःचं मत मांडायचं होतं. तीस वर्षं ज्या बाईने फक्त 'रुग्णास झोप लागली, दोन वेळा पाणी प्यायला' एवढंच लिहिलं, तिने मत आणायचं कुठून? आदल्या वर्षी त्यांनी पुस्तकातलंच सुबक अक्षरात उतरवून दिलं आणि त्या नापास झाल्या. शिकवणाऱ्या डॉक्टर ब्रॉनविनबाईंनी समासात लिहिलं होतं, 'यात तू कुठे आहेस?' बेबीताईंनी प्रामाणिकपणे ईमेलने कळवलं: लोअर हट.

पुन्हा बसायची संधी एकदाच होती. विद्यापीठाचा नियमच तसा होता: एकच विषय दोनदा बुडाला, तर तिसऱ्यांदा देता येत नाही. आणि हा विषय नाही, तर पदवी नाही. अकरा वर्षांची गाडीभाडी, मडकी आणि युद्धं सगळी पाण्यात. यंदा मात्र तो विषय वसंताच्या सुट्टीत प्रत्यक्ष ग्रीसला जाऊन शिकवणार होते. डेलोस नावाच्या बेटावर, भग्नावशेषांत उभं राहून, प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं होतं. त्यावर निम्मे मार्क. बेबीताईंना विषय आला होता 'डेलोसवरची दानं'.

जायच्या तयारीत भानुदासांनी जातीने लक्ष घातलं. 'वसंताची सुट्टी' या शब्दांनी त्यांचा घात केला. लोअर हटमध्ये ऑगस्ट संपताना वसंत येतो तो दक्षिणेकडचा बोचरा वारा घेऊन, म्हणून त्यांनी बॅगेत दोन स्वेटर, एक शाल आणि लोकरीचे मोजे भरले.

"डॅड, इट्स थर्टी-फोर डिग्रीज देअर," अक्षता म्हणाली. अक्षता ही त्यांची मुलगी, बावीस वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"वसंत आहे ना? मग?" भानुदास म्हणाले आणि त्यांनी कानटोपीही घातली.

अक्षताला काळजी वेगळीच होती. "ममी, यू कान्ट हॅव 'बेबी' ऑन अ डिग्री," तिने बजावलं. पदवीचा अर्ज भरायच्या आधी कायद्याने नाव बदलता येतं, असं तिने शोधून काढलं होतं, आणि नावांची एक यादीच केली होती. नीलांबरी, कौमुदी, देवयानी.

"देवयानी, चहा टाक," भानुदासांनी म्हणून बघितलं. "छे. जमत नाही. चहा येणार नाही."

"पदवी मिळू दे तर आधी," बेबीताई म्हणाल्या. त्यांचा जीव भाषणात अडकला होता. त्यांनी बारा कार्डांवर भाषण लिहून काढलं होतं, सगळं पुस्तकी, प्रत्येक वाक्याला आधार. त्या बेटांवर वारा फार असतो असं त्यांनी वाचलं, आणि कार्डं उडाली तर काय, ही नवी काळजी सुरू झाली. त्यावर भानुदासांनी सांगितलेला उपाय कोणत्याही मराठी माणसाला सुचला असता. "स्टीलच्या डब्यात ठेव. डब्यातली वस्तू जात नाही."

घरात सारख्या आकाराचे दोन डबे होते. एक लग्नातला, त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: 'भा. सो. साळवे'. दुसरा बेबीताई नर्सिंगला निघाल्या तेव्हा आईने दिलेला. लग्नातल्या डब्यात कार्डं गेली, आईच्या डब्यात सुक्या खोबऱ्याची लसूण-चटणी. तीस वर्षं बेबीताई हे डबे झाकणावरच्या अक्षरांवरून ओळखत आल्या होत्या, त्यामुळे घोटाळा होण्याचं काही कारण नव्हतं.

वर्गात बाराजण, त्यांतले अकराजण विशीतले. बेबीताईंच्या खोलीत मेरेआना होती. गिझबोर्नची, माओरी, वीस वर्षांची. पहिल्याच सकाळी ती त्यांना 'आंटी' म्हणू लागली आणि दुसऱ्या सकाळपासून ब्रेडवर चटणी घालून खाऊ लागली. "आंटी, धिस इज मीन," ती म्हणाली, तेव्हा बेबीताईंना वाटलं चटणी बाधली. 'मीन' म्हणजे फर्मास, हे कळायला त्यांना अर्धा दिवस लागला.

अथेन्सच्या टेकडीवर, खांबांच्या त्या मोठ्या देवळापाशी पोचल्यावर बेबीताईंनी काहीएक विचार न करता जँडल्स, म्हणजे न्यूझीलंडकडच्या रबरी चपला, काढल्या. त्या देवळांत जाणाऱ्यांपैकी नव्हत्या, पण विहारात काय किंवा लेण्यांत काय, चपला बाहेर हे पायांनाच ठाऊक होतं. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. तेवढ्यात मेरेआनानेही बूट काढले, कारण माओरींच्या सभागृहातही पायताण बाहेरच ठेवतात. ते पाहून बाकीच्यांनीही काढले. त्यांना तर कारणही लागत नाही, ही मुलं लोअर हटच्या सुपरमार्केटातही अनवाणीच फिरतात. पहारेकऱ्याने तेरा जोडी उघडे पाय पाहिले, आणखी दोनदा शिट्टी फुंकली आणि मग सावलीत जाऊन बसला. तेरावी जोडी ब्रॉनविनबाईंची होती.

क्रीट बेटावर चार हजार वर्षांपूर्वीचे राजवाड्याचे अवशेष होते, आणि तळघरात माणसाच्या उंचीचे रांजण. बाकीचे रांजणावरची नक्षी टिपून घेत होते. बेबीताईंनी रांजणाभोवती एक चक्कर मारली, पोटाचा अंदाज घेतला आणि विचारलं, "यात धान्य भरलं, तर किती माणसांना किती दिवस पुरेल? आणि कांडायचं कोण, निवडायचं कोण?" ब्रॉनविनबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "हे तू भाषणात का घेत नाहीस?" त्या म्हणाल्या. बेबीताईंना ती थट्टा वाटली. धान्य निवडण्याचं काय परीक्षेत लिहायचं असतं?

नॅक्सोसला त्यांची भाषेनेही फजिती केली. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो'. हे त्यांनी विमानातच पाठ केलं होतं. पण कान जुन्नरचे. सकाळी न्याहारीला मालकीणबाईंना त्यांनी बोटाने दाखवून विचारलं, ही अंडी उकडलेली का? मालकीणबाई प्रेमाने म्हणाल्या, "ने, ने." एवढा आग्रह कोण मोडणार? बेबीताईंनी चार अंडी रुमालात बांधून घेतली. बाईंनी त्यांच्याकडे जरा चमकून पाहिलं आणि पुन्हा काहीतरी विचारलं. बेबीताई म्हणाल्या, "ने." मग आणखी दोन मिळाली.

डेलोसच्या आदल्या संध्याकाळी मिकोनॉसवरून त्यांनी घरी फोन लावला. तिकडे सकाळ होती, भानुदास कामावर निघाले होते.

"मी ब्रॉनविनबाईंना सांगते, बरं वाटत नाही म्हणून," बेबीताई म्हणाल्या. "सगळी मुलं किती छान बोलतात. 'आय थिंक, आय थिंक' करत नुसती फेकतात, आणि ते बरोबर असतं. मला 'आय थिंक' म्हटल्यावर पुढे काही आठवतच नाही."

"म्हणजे पळणार तू."

"नापास होण्यापेक्षा बरं."

भानुदासांनी गाडीची किल्ली खाली ठेवली. "बेबी, मला सांग," ते म्हणाले, "एवढी वर्षं मी रोज काहीतरी बोलतो आणि तू रोज माझं काय चुकलं ते सांगतेस. ते पुस्तकातून वाचून सांगतेस का?"

"ते वेगळं."

"बरं. कार्डं आहेत ना डब्यात? मग वाचून ये. आणि शाल घे बोटीवर."

पहाटेची बोट होती. मेरेआना झोपेत होती, म्हणून बेबीताईंनी दिवा न लावता, चष्मा न लावता अंधारातच पिशवी भरली. टेबलावर दोन डबे शेजारीशेजारी होते.

डेलोस म्हणजे दगडांचं ओसाड बेट. तिथे आता वस्ती नाही. पूर्वी ते इतकं पवित्र मानत, की तिथे कुणी जन्मायचं नाही आणि मरायचंही नाही असा कायदा होता. बाळंतिणीला आणि मरणोन्मुख माणसाला शेजारच्या बेटावर नेऊन ठेवत. "म्हणजे आपली ड्यूटीच नको इथे," बेबीताई पुटपुटल्या. नाव कोरलेला दगड मात्र इथे पावलोपावली होता. हे सिंह नॅक्सोसच्या लोकांनी दिले. हा चबुतरा अमक्या व्यापाऱ्याने दिला. ही लांबलचक खांबांची ओसरी फिलिप राजाने दिली, आणि तिच्या माथ्यावरच्या दगडात त्याचं नाव आजही वाचता येत होतं.

याच पडलेल्या ओसरीपाशी बेबीताईंची पाळी आली. वारा सुटला होता, पण वेलिंग्टनकडच्या माणसांना त्याचं कौतुक नव्हतं. बाराजणांचं कडं झालं. ब्रॉनविनबाईंनी वही उघडली. बेबीताईंनी चष्मा लावला, पिशवीतून डबा काढला आणि तबकात आणल्यासारखा दोन्ही हातांत धरून उघडला.

लसणाचा वास सगळ्या बेटावर पसरला.

मेरेआना फिसकन हसली. बेबीताईंच्या पायांखालची फरशी, म्हणजे दोन हजार वर्षांची फिलिप राजाची फरशी, हलल्यासारखी झाली. बाराच्या बारा कार्डं मिकोनॉसच्या टेबलावर होती, नवऱ्याच्या नावाच्या डब्यात, अतिशय सुरक्षित. एकही वाक्य आठवेना. त्यांनी घाईने झाकण लावलं आणि झाकणावरची अक्षरं चष्म्यातून स्वच्छ दिसली. 'बेबीस आईकडून सप्रेम भेट.'

"माझं नाव बेबी," त्या इंग्रजीत म्हणाल्या, कारण दुसरं काही सुचेना, "आणि ही चटणी आहे."

सगळे हसले. बेबीताईही हसल्या, आणि हसल्यावर जरा श्वास आला.

"आमच्याकडे कुणी काही भेट दिलं, की त्यावर नाव घालतात," त्या म्हणाल्या. "भांड्यावर, पंख्यावर, घड्याळावर, बाकावर. लोअर हटला आम्ही बुद्धविहारासाठी हॉल भाड्याने घेतो. तिथे एक मोठं पातेलं आहे. ते ज्यांनी दिलं, ते पुढे कमिटीशी भांडून गेले. चार वर्षं आले नाहीत. पण भात अजून त्यांच्याच नावाच्या पातेल्यात शिजतो, आणि वाढताना प्रत्येक जण ते नाव वाचतो. मला या बेटावर आल्यापासून तेच दिसतंय. हे सगळं पातेलं आहे."

ब्रॉनविनबाईंनी वहीतून मान वर केली.

"पुस्तक म्हणतं, फिलिपने ही ओसरी दिली ती सत्ता दाखवायला. असेलच. पण मी आधी बघते, की दिलं काय. सावली दिली." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. स्वेटरचा विचार मनात आला, तो त्यांनी बाजूला सारला. "माझ्या गावाजवळ, जुन्नरच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथे एका यवनाने जेवणाची खोली दिलीये. यवन म्हणजे इकडचा माणूस, ग्रीक, निदान स्वतःला तसं म्हणवणारा. त्याचं नाव चिट. खडकात कोरलंय: यवन चिट याने संघाला भोजनमंडप दिला. तो कुठून आला, का आला, यावर पंडितांचा पुष्कळ वाद आहे. माझी आई मला दर बुद्धपौर्णिमेला तिथे न्यायची. तिला वाचता येत नव्हतं. एकदा कुणीतरी ते वाचून दाखवलं. माझी आई वसतिगृहात साठ मुलींचा स्वयंपाक करायची. ती म्हणाली, जेवायची खोली दिली म्हणजे माणूस चांगला असणार."

आता कुणी हसत नव्हतं. बेबीताईंना आपला आवाज ऐकू येत होता आणि तो वॉर्डातला, रोजचा, नातेवाइकांना समजावून सांगणारा आवाज होता. त्या बोलत राहिल्या. कुणी काय दिलं, आणि दिलेल्या जागेत मग कुणी शिजवलं, कुणी झाडलं, सिंहांचे दगड बोटीतून कुणी उतरवले. देणाऱ्याचं नाव आहे. राबणाऱ्याचं नाव कुठे आहे?

"हा डबा बघा," त्या म्हणाल्या. "मी नर्सिंगला निघाले तेव्हा आईने बाजारातून घेतला. भांडीवाल्याने विचारलं, देणाऱ्याचं नाव काय घालू? आई म्हणाली, आईला कसलं नाव, आई लिहा." इथे बेबीताईंनी झाकण पुन्हा दाबून बसवलं. त्या तशाच थांबल्या; औषधाच्या ट्रॉलीशी थांबाव्या तशा, घट्ट उभ्या. "आय थिंक," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं, की पुढचं आठवतंय. "आय थिंक, या बेटाला एवढाच प्रश्न विचारायला हवा. नाव कोण कोरून घेतं, आणि कोण म्हणतं, मला कसलं नाव?"

ब्रॉनविनबाई लिहायच्या थांबल्या होत्या. "तुझ्या आईचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

"शेवंता."

"शेवंता," ब्रॉनविनबाई म्हणाल्या, जमेल तसं. मग मेरेआना म्हणाली. मग एकेक करून सगळी मुलं म्हणाली, प्रत्येकाचा उच्चार वेगळा आणि प्रत्येकाचा चुकीचा. फिलिप राजाच्या ओसरीत जुन्नरच्या स्वयंपाकिणीचं नाव बारा वेळा घेतलं गेलं. बेबीताई डबा पोटाशी धरून रडल्या, अगदी उघड रडल्या, आणि मग नर्सच्या सवयीने त्यांनीच सगळ्यांना पाणी प्यायला सांगितलं. मेरेआनाने डबा उघडून फिरवला. तो अर्ध्यावर पोचला तेव्हा पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. अवशेषांत खायला मनाई होती. तोवर चटणी संपत आलेली होती.

लोअर हटला निकाल कळला तो ऑक्टोबरात. ए मायनस.

"मायनस कशाचा?" भानुदासांनी विचारलं. अभिमानाने त्यांचा आवाज चिरकला होता, म्हणून त्यांनी तोंड वळवून चहाचं आधण बघितलं.

"दहा मिनिटं दिली होती. मी एकोणीस बोलले."

"मला रोजचा अनुभव आहे. मी पूर्ण ए दिला असता."

पदवीचा अर्ज आणि नाव बदलायचा सरकारी अर्ज, दोन्ही शनिवारी जेवणाच्या टेबलावर आले. अक्षताने यादी आणली होती. त्यात आणखी दोन नावांची भर पडली होती. "ममी, पिक वन," ती म्हणाली. बेबीताईंनी यादी वाचली, चांगली आहेत म्हणाल्या, आणि ती घडी करून आईच्या डब्याखाली ठेवली. मग चष्मा लावून त्यांनी मोठ्या अक्षरांत नाव बदलायचा अर्ज भरला. वेळ लागला. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी त्या लिहीतच होत्या.

भानुदासांनी अर्ज ओढून घेतला आणि वाचला. "बेबी शेवंता साळवे." त्यांनी पुन्हा वाचला. "एवढा खटाटोप करून बेबी ते बेबीच? आणि भानुदास कुठे गेला?"

"तुम्ही साळव्यांत आहात की. शिवाय तुमच्या नावाचा डबा आहेच."

"त्या डब्यातली कार्डं कामाला तरी आली का?"

"नाही. पण एकही उडालं नाही."

भानुदास कुकरचा गॅस बंद करायला उठले. दवाखान्यातली चिठ्ठी शाळेच्या रजिस्टरात जिथे तोडली होती, तिथे बेबीताईंनी ती जोडून घेतली होती, बेबी, शेवंताची. विद्यापीठ ते जाड कागदावर छापणार होतं.

अक्षताने अर्ज स्वतःकडे वळवला. मधल्या शब्दावर बोट ठेवून ती थांबली. व्हिडिओ कॉलवर, फोटोत, गोष्टींत तिच्यासाठी ती बाई कायम नुसती आजीच होती.

"आजीचं नाव शेवंता होतं?" तिने विचारलं. मराठीत.

"हो," बेबीताई म्हणाल्या. "मराठीत लिहिताना नीट लिही. 'व'वर अनुस्वार."